मालकांची मंडळे कशासाठी भरतात?

मुंबईच्या गिरणीमालकांनी १८७५ साली आपली संघटना स्थापन केली, आणि त्यानंतर सातच वर्षांनी, १८८२ मध्ये, जपानमधील सूतगिरणीवाल्यांनी तशीच एक संघटना उभी केली. दोन्ही ठिकाणी सभासद मोजके होते आणि एकमेकांना नावागावानिशी ओळखत होते. सुताचे भाव पडले की गिरण्या कमी वेळ चालवण्याचे ठराव दोन्हीकडे होत, आणि जकात, जहाजभाडे, कामाचे तास या प्रश्नांवर सरकारकडे गाऱ्हाणी मांडण्याचे कामही दोन्ही संघटना सारख्याच तत्परतेने करीत. १८८० च्या दशकात चीनच्या बाजारात मुंबईच्या जाड्याभरड्या सुताचा दबदबा होता आणि जपान स्वतःच हे सूत आयात करीत होता. १८९७ साली मात्र जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चीनच्या बाजारातली मुंबईची जागा जपानी गिरण्यांनी घेतली. त्यासाठी लागणाऱ्या कापसाचा मोठा भाग जात होता तो आपल्याच बंदरातून.

उद्योगपतींच्या आपसांतील संबंधांविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते आहेत. एक मत असे की हे सगळे साटेलोटे असते आणि त्यातून ग्राहक, कामगार व सरकारी तिजोरी यांच्या लुबाडणुकीखेरीज काही निष्पन्न होत नाही. दुसरे मत चेंबरांच्या, म्हणजे उद्योजकांच्या संघटनांच्या, वार्षिक समारंभांत ऐकू येते : ओळखी वाढवा, एकत्र या, म्हणजे प्रगती आपोआप होईल. मुंबई आणि जपानी सूतगिरण्यांचे केंद्र असलेले ओसाका यांची उदाहरणे शेजारी ठेवली की दोन्ही मते अपुरी ठरतात, कारण संबंध दोन्हीकडे घट्ट होते. माझे म्हणणे असे आहे की मालकांच्या ओळखींतून नेमके काय पुढे सरकते, कारखान्यातले ज्ञान की केवळ सवलतीची मागणी, यावर उद्योगाची वाढ किंवा कोंडी ठरते. आणि काय पुढे सरकावे हे मालकांच्या स्वभावापेक्षा त्यांना मोबदला कशाचा मिळतो आणि मागे पडण्याची किंमत कोण मोजतो यावरून ठरते.

मुंबईत मोबदला कशाचा मिळत होता ते पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिली सूतकताई कंपनी काढली तेव्हापासून मुंबईच्या गिरण्या मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीने चालत. भागधारक अनेक, संचालक मंडळ नावाला, आणि सारा कारभार एका पेढीकडे, म्हणजे बहुधा एका घराण्याकडे, दीर्घ मुदतीच्या कराराने सोपवलेला. या एजंटांचे कमिशन सुरुवातीच्या काळात नफ्यावर अवलंबून नसे. गिरणीतून निघणाऱ्या प्रत्येक रतल सुतामागे पाव आणा, असा सर्रास दर होता. गिरणी तोट्यात असो वा फायद्यात, सूत निघत राहिले की एजंटाचा पाव आणा पक्का. शिवाय हीच पेढी अनेकदा गिरणीसाठी कापूस खरेदी करी, सूत विकी, यंत्रसामग्री मागवी, आणि या प्रत्येक व्यवहारात तिचा हात ओला होई. संचालक मंडळावर बसणारे गृहस्थ एजंटाचेच स्नेही, भागीदार किंवा व्याही असत, आणि एजंट त्यांच्या गिरण्यांच्या मंडळांवर बसे. कोण कोणाला जाब विचारणार?

या मंडळींची एकमेकांशी भेट होई ती कापसाच्या सौद्यांत, बँकेत, जिमखान्यात, धर्मादाय संस्थांच्या बैठकांत. यात वाईट काही नव्हते. मुंबई शहर ज्या रुग्णालयांमुळे, ग्रंथालयांमुळे आणि महाविद्यालयांमुळे घडले त्यांतली कित्येक या घराण्यांच्या देणग्यांतूनच उभी राहिली. पण या भेटींत कताईखात्यातले प्रश्न निघत नसत, कारण मालकाला ते ठाऊकच नसत. ते ठाऊक असत लँकेशायरहून, म्हणजे इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या मुलखातून, आणलेल्या मॅनेजरला किंवा कताई मास्तरला. त्याची भिस्त असे इंग्लंडमधल्या सवयींवर आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या यंत्रनिर्मात्यांच्या सल्ल्यावर. मालकांचे जाळे एका मजल्यावर होते, तंत्रज्ञांचे दुसऱ्या, आणि त्यांना जोडणारा जिना फारच अरुंद होता.

म्यूल आणि रिंग यांच्या बाबतीत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. म्यूल या जुन्या कताईयंत्रात चात्यांची (स्पिंडलांची) अख्खी गाडी चाकांवर सुमारे पाच फूट पुढे येते, येताना धागा ओढते व पिळते, मग थांबते आणि परत जाताना तो गुंडाळते. म्हणजे पीळ देणे आणि गुंडाळणे ही कामे आळीपाळीने होतात, आणि यंत्र सांभाळायला कसलेला माणूस लागतो. रिंगमध्ये चाते जागच्या जागी फिरते, त्याच्याभोवतीच्या कड्यावरून एक बारीकसा तारेचा तुकडा धावतो, आणि पीळ व गुंडाळणी एकाच वेळी, अखंड होते. उत्पादन जास्त, जागा कमी, शिकायला सोपे. जाड्या सुतासाठी रिंग अधिक फायद्याची, आणि मुंबई तर जाडेच सूत काढत होती. अडचण एकच होती : रिंगवर धाग्याला ताण अधिक बसतो, त्यामुळे आखूड धाग्याचा देशी कापूस वापरला तर तो तुटतो. लँकेशायरमध्ये कुशल म्यूलवाले भरपूर होते आणि तिथे बारीक सूत निघे, त्यामुळे तिथल्या मास्तरांना म्यूलच उत्तम वाटणे साहजिक होते. त्यांचे हे मत, जे त्यांच्या गावात बरोबर होते, मुंबईच्या गिरण्यांनी वर्षानुवर्षे जसेच्या तसे स्वीकारले. रिंग मुंबईतही आली, पण रमतगमत. म्यूल विसाव्या शतकातही चालूच राहिले.

ओसाकातल्या लोकांनीही सुरुवात म्यूलवरच केली होती, आणि यंत्रेही त्याच प्लॅटकडून घेतली होती. शिबुसावा एईइची या उद्योजकाच्या पुढाकाराने १८८२ मध्ये ओसाका सूतकताई कंपनी स्थापन झाली व पुढच्या वर्षी १०,५०० चात्यांनी चालू झाली. पण त्याआधीच शिबुसावाने लंडनमध्ये शिकत असलेल्या यामानोबे ताकेओ या तरुणाला गाठून यंत्रशास्त्राकडे वळवले होते, आणि तो ब्लॅकबर्नच्या एका गिरणीत कामगारासारखे राबून कताईचे सगळे टप्पे शिकून आला होता. किकुची क्योझो हा तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पदवीधर मँचेस्टरला शिकून आला आणि हिरानो, सेत्सू व अमागासाकी या तीन वेगवेगळ्या कंपन्यांचा मुख्य अभियंता एकाच वेळी झाला. आपल्याकडेही एक माणूस अनेक गिरण्यांच्या संचालक मंडळांवर बसत होता. फरक एवढाच की मुंबईत अनेक गिरण्यांत ये-जा होती ती भांडवलदाराची, तर ओसाकात अभियंत्याची.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. जपानी संघटनेने १८८९ पासून एक मासिक पत्रिका काढली. त्यात प्रत्येक गिरणीच्या नावासमोर त्या महिन्यात किती चाती चालली, दर चात्यामागे किती सूत निघाले, सुताचा नंबर (जाडी-बारीकपणा) काय होता, कामगार किती होते, त्यांना मजुरी काय दिली, हे छापलेले असे. आपल्या चात्यामागचे उत्पादन शेजारच्या गिरणीपेक्षा कमी का, या प्रश्नाला कोणत्याही मॅनेजरला दर महिन्याला सामोरे जावे लागे, आणि भागधारकाला तो प्रश्न विचारण्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नव्हती. रिंगवर देशोदेशीचे कापूस कोणत्या प्रमाणात मिसळले की धागा तुटत नाही, हे एकाने शोधले की ते दुसऱ्यापर्यंत झपाट्याने पोहोचे. १८८९ नंतर जपानमध्ये बसवलेली नवी चाती जवळजवळ सगळी रिंगची होती. एक पिढीही न जाता अख्ख्या उद्योगाने आपले मूळ यंत्र बदलले, आणि यंत्रे पुरवणारा इंग्लंडमधला कारखाना मात्र तोच राहिला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मुंबईच्या मागे पडण्याला परकी सरकार कारणीभूत नव्हते का? होतेच. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या, रुपया वधारला, आणि चांदीच्या चलनावर चालणाऱ्या चीनला मुंबईचे सूत महाग पडू लागले. १८९६ मध्ये लँकेशायरच्या दबावाखाली देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली व ती जवळजवळ तीस वर्षे टिकली. त्याच साली प्लेग आला आणि कामगार गावाकडे पळाले. उलट जपानी गिरण्या रात्रंदिवस दोन पाळ्यांत चालत, आणि त्या चालत कोवळ्या मुलींच्या जिवावर. वसतिगृहांत अडकवून ठेवलेल्या या मुलींची रात्रपाळी बंद व्हायला १९२९ साल उजाडले. तेव्हा ओसाकाला आदर्श मानून आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. पण सरकारी जाचाने सगळे स्पष्ट होत नाही, कारण तोच जाच नागपूरला आणि अहमदाबादलाही होता.

नागपूरचे उदाहरण तर मुंबईच्याच माणसाचे आहे. जमशेटजी टाटा मुंबईच्या व्यापारी वर्तुळातले, पण त्यांनी एम्प्रेस मिल काढली ती नागपुरात, १ जानेवारी १८७७ रोजी. तिचा मॅनेजर बेझनजी दादाभाई हा कापड धंद्यातला नव्हता, रेल्वेतून आलेला होता. म्हणजे लँकेशायरच्या सवयी त्याला कोणी शिकवलेल्याच नव्हत्या. १८८० च्या दशकात, मुंबईचे बहुतेक मालक म्यूलवर विसंबलेले असताना, या गिरणीने रिंग करून पाहिली आणि ती रुजवली. टाटांनी आपले कमिशनही उत्पादनाऐवजी नफ्यावर घेण्याची प्रथा पाडली. माणूस त्याच वर्तुळातला, पण मोबदल्याचा पाया वेगळा आणि गिरणी वर्तुळापासून चारपाचशे मैल दूर! हे दूर असणे मला महत्त्वाचे वाटते. सगळे जिथे एकाच सल्लागाराचे ऐकतात तिथे वेगळे वागणाऱ्याला रोज कोणालातरी उत्तर द्यावे लागते. नागपुरात तो त्रास नव्हता. हेच जमशेटजी १८९३ मध्ये जपानला गेले, शिबुसावांना भेटले, आणि पी अँड ओ या बलाढ्य ब्रिटिश जहाज कंपनीच्या भाड्याला शह देण्यासाठी जपानी कंपनीच्या सहकार्याने मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू करण्यात त्यांनी भाग घेतला. वर्तुळाबाहेर पाहण्याची सवय असलेल्या माणसाचे हे लक्षण आहे, जरी त्या मार्गाचा अधिक लाभ पुढे जपानलाच झाला.

मुंबईत मालक आणि यंत्र यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा होता, जॉबर. कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरून आलेल्या माणसाला कामावर लावणारा, बदलीवाल्यांपैकी (गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर लागणाऱ्यांपैकी) आज कोणाला घ्यायचे ते ठरवणारा, प्रसंगी खोली मिळवून देणारा आणि उसने पैसे देणारा जॉबर हाच गिरणगावातला खरा जोडणारा दुवा होता. गाव, भावकी आणि खानावळ यांवर उभे असलेले कामगारांचे जाळे मालकांच्या जाळ्याइतकेच घट्ट होते आणि त्यातून कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे जात होते. साचा कुठे अडतो, कोणत्या मिश्रणाचा धागा दुपारच्या कोरड्या हवेत जास्त तुटतो, हे साचेवाल्याला आणि जॉबरला पाठ असे. पण ते कागदावर येत नव्हते, आणि जॉबरला ते कागदावर आणण्यात रस असण्याचे कारण नव्हते, कारण त्याची सत्ता मालकांच्या त्या अडाणीपणावरच उभी होती. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले ते हीच दरी बुजवण्यासाठी, आणि त्यातून देशी मास्तर व अभियंते पुढे हळूहळू आले. परंतु मालकांच्या मंडळात त्यांना आवाज मिळाला नाही.

पुढची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मॅनेजिंग एजन्सी कायद्याने बंद झाली ती १९७० मध्ये, तोवर अनेक गिरण्यांतली यंत्रे दोन पिढ्या जुनी झाली होती. १९७४ मध्ये देशभरातल्या शंभरावर आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि तोवर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी कापडाचा बाजार बराचसा घेतला होता. संपाने गिरण्या मारल्या असे म्हणण्याची एक सोयीस्कर रीत आहे. ती मला पटत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केल्यावर मालकांच्या त्याच जुन्या ओळखी, मंत्रालयापासून बँकांपर्यंतच्या, किती चपळाईने कामी आल्या हे लालबाग-परळने पाहिले आहे. जाळे सक्षम होते. ते कताईच्या कामाला लावलेले नव्हते, एवढेच.

घट्ट नातेसंबंध मुळातच घातक असतात असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये म्हणून कोइम्बतूरकडे पाहावे. तिथले गिरणीमालक मुंबईकरांपेक्षाही एकमेकांच्या जवळचे; बरेचसे एकाच समाजातले आणि सोयरिकींनी जोडलेले. परवाना पद्धती, कापसाची टंचाई, विजेची ओढाताण हे सारे त्यांनाही चुकले नव्हते. या मंडळींनी १९५६ मध्ये दक्षिण भारतातल्या गिरण्यांसाठी सामायिक संशोधन संस्था उभी केली, आणि ती संस्था ठराविक काळाने गिरणी-गिरणीतील उत्पादकतेची तुलना करून प्रत्येकीला तिची जागा दाखवू लागली. १९६२ मध्ये त्यांच्यातल्याच एका घराण्याने स्वित्झर्लंडच्या रीटर कंपनीच्या सहकार्याने लक्ष्मी मशीन वर्क्स हा कताईयंत्रे बनवणारा कारखाना काढला. गिरण्या, यंत्रे बनवणारे आणि अभियांत्रिकी महाविद्यालये तिथे एकाच शहरात, अनेकदा एकाच घरात आली. मुंबईतही १९५४ मध्ये अशीच संशोधन संस्था निघाली होती आणि तिने चांगले कामही केले. परंतु तिचे अहवाल वाचून पैसा गुंतवण्याचा निर्णय ज्यांनी घ्यायचा, त्यांना गिरणी चालवण्यापेक्षा गिरणीची जमीन धरून ठेवण्यात अधिक किफायत दिसत होती.

पुण्याची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. इथली उद्योजकांची संघटना, मराठा चेंबर, १९३४ ची. किर्लोस्करवाडीहून आलेल्या किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिने काढली आणि शंतनुराव किर्लोस्करांच्या प्रोत्साहनाने नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये भारत फोर्ज उभी केली : एका कारखानदाराला चांगले फोर्जिंग हवे होते, ते बनवू शकेल असा माणूस त्याच्या ओळखीत होता, आणि ती ओळख सत्कारसमारंभात न संपता भट्टीपर्यंत गेली. १९६६ मध्ये वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून एआरएआय ही चाचणी व संशोधन संस्था पुण्यात स्थापन केली. टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) टूल रूममध्ये आणि प्रशिक्षण केंद्रात घडलेली कितीतरी माणसे पुढे बाहेर पडली आणि भोसरीत, चिंचवडला शेड टाकून जॉबवर्क करू लागली. ही माणसे उद्योगपती म्हणून कोणत्या यादीत नसतात, पण पुण्याच्या उद्योगातले खरे जाळे माझ्या मते त्यांचे आहे. एखाद्याकडे अवघड फिक्स्चरचे काम आले की तो ड्रॉइंग घेऊन शेजारच्या गल्लीतल्या जुन्या सहकाऱ्याकडे जातो, ग्राइंडिंग तिसऱ्याकडून करून घेतो, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर चौघे मिळून रिजेक्शन का येतेय याचा छडा लावतात. ओसाकाची मासिक पत्रिका जे काम छापून करीत होती तेच इथे तोंडी होते, मर्यादित वर्तुळात.

पुण्यातच दुसऱ्या प्रकारचे जाळेही होते. परवाना राज्याच्या काळात स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि ज्याच्याकडे परवाना त्याला नवे मॉडेल काढण्याची घाई नसे. उदारीकरणानंतर, १९९३ मध्ये, काही बडे उद्योगपती एकत्र आले आणि परदेशी कंपन्यांशी स्पर्धा करण्याआधी आम्हाला समान संधी द्या, अशी मागणी त्यांनी केली. ‘बॉम्बे क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या गटाचा चेहरा राहुल बजाज होते. त्यांची मागणी हास्यास्पद नव्हती. भारतात भांडवल महाग होते आणि देशी कंपन्यांवर जुने निर्बंध बाकी होते. पण बजाज कंपनीला वाचवले ते त्या निवेदनाने नव्हे, तर आकुर्डी आणि चाकणमधल्या अभियंत्यांनी. कावासाकीबरोबरच्या सहकार्यातून मोटरसायकलीचे तंत्र कंपनीत मुरले होते, आणि २००१ मध्ये पल्सर बाजारात आली. एकाच घराण्याच्या हाती दोन जाळी होती, एक दिल्लीकडे जाणारे आणि एक कारखान्याकडे. दुसऱ्यानेच हात दिला.

आता तो भाग, जिथे माझ्याच सिद्धान्ताला अडचण येते. माहितीची देवाणघेवाण झाली की प्रगती होते असे म्हणावे, तर महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीने सर्वांत पुढे असायला हवे होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा केल्यापासून ही चळवळ ओळखींवर, भावकीवर आणि गावपातळीवरच्या विश्वासावर वाढली. १९७५ मध्ये मांजरीला संशोधन संस्था निघाली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कोणत्या कारखान्याचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) किती, बगॅसची (उसाच्या चोथ्याची) बचत किती, कोणाचा प्रक्रिया खर्च कमी, हे या संस्थेला आणि सर्व अध्यक्षांना माहीत असते. तांत्रिक कार्यक्षमतेची पारितोषिकेही दरवर्षी वाटली जातात. तरी उत्तम चालणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी, त्याच उसावर आणि त्याच भावावर, वर्षानुवर्षे डबघाईला आलेले कारखाने आहेत.

याचे कारण मागे पडण्याची किंमत कोण मोजतो या प्रश्नात सापडते. ज्या बैठकीत तंत्रज्ञानाची माहिती मिळते त्याच बैठकीतल्या माणसांकडून राज्य सरकारची थकहमीही (कर्ज थकल्यास ते फेडण्याची हमी) मिळते. कारखाना कर्ज फेडू शकला नाही तर बोजा तिजोरीवर, ऊसबिल थकले तर शेतकऱ्यावर, आणि पगार थकला तर कामगारावर. अध्यक्षाची खुर्ची मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत शाबूत. मुंबईच्या एजंटाला पाव आणा जसा नफातोट्याशी संबंध न ठेवता मिळत होता, तशीच ही रचना आहे. शहाणा अध्यक्ष माहिती वापरतो, कारण तो शहाणा आहे. दुसऱ्यावर तसे करण्याची सक्ती काही नाही. जपानी संघटनाही मंदीत उत्पादन कमी करून सभासदांना सांभाळून घेई, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मंदीनंतर दुबळ्या गिरण्या मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या, त्यांना कोणी अनंत काळ पोसले नाही.

म्हणून उद्योगपतींच्या ओळखींवर बंधने घालून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. एका व्यक्तीला जास्तीत जास्त वीस कंपन्यांत संचालक होता येईल, त्यांतल्या सार्वजनिक कंपन्या दहाच, आणि सूचिबद्ध कंपन्यांत तर सातच, अशा मर्यादा आज आहेतच. त्या असाव्यात. पण लग्नसमारंभ, क्लब आणि शाळासोबती यांवर कोणताही कायदा मर्यादा घालू शकत नाही, आणि घालूही नये, कारण भारत फोर्ज आणि लक्ष्मी मशीन वर्क्स याच ओळखींतून जन्मल्या. सरकारच्या हातात आहे ती सवलतीची अट. औद्योगिक धोरणांतून जमीन, वीजदर, करपरतावा आणि थकहमी अशी मदत दिली जाते, आणि ती मागायला संघटना एकत्र येतात. संघटनेने सभासदांच्या कामगिरीचे तुलनात्मक आकडे नियमित गोळा करून प्रसिद्ध केले तरच तिच्या शिफारशीला वजन द्यावे, हे सरकारला सहज करता येईल. यावर उद्योजक म्हणतील की खर्चाचे आकडे म्हणजे व्यापारी गुपित. दर आणि ग्राहकांची नावे गुपित असावीत हे मान्य. पण यंत्र किती तास चालले, दर एकक मालाला वीज किती लागली, शंभर नगांत रिजेक्शन किती, हे सांगितल्याने कोणाचा धंदा बुडत नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांच्या संघटनेने छोट्या कारखान्यांचे गट करून एकमेकांच्या शॉपफ्लोअरवर जाऊन शिकण्याचे उपक्रम या देशातच चालवले आहेत, आणि त्यात भाग घेणाऱ्यांनी आपली दारे स्वतः उघडली.

भोसरीतल्या शेडवाल्याच्या बाबतीत मात्र एक अडसर आकड्यांनी दूर होणार नाही. ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा २००६ चा कायदा असूनही मोठ्या ग्राहकाने बिल अडवले, तर तो तक्रार करीत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच ग्राहकाकडून यायची असते आणि त्या ग्राहकाचे खरेदी अधिकारी एकमेकांना ओळखतात. नवे मशीन घेण्यासाठी जे पैसे लागतात ते तिथेच अडकून पडतात. अशा वेळी तक्रार त्याच्या नावाने न जाता संघटनेच्या नावाने जायला हवी. आणि ज्या चेंबरात थकबाकीदार मोठी कंपनी आणि तिचा छोटा पुरवठादार दोघेही सभासद आहेत, त्या चेंबरने हे काम अंगावर घेतले का, हे त्याच्या वार्षिक अहवालात पाहुण्यांच्या छायाचित्रांआधी छापलेले असावे. साखर कारखान्याच्या बाबतीतही, थकहमीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी त्या कारखान्याचा पाच वर्षांचा उतारा, प्रक्रिया खर्च आणि थकीत ऊसबिल, शेजारच्या तीन कारखान्यांच्या आकड्यांसह, गावोगावच्या सभासदांच्या हाती मराठीत छापून पडायला हवे, आणि ते वार्षिक सभेच्या निदान महिनाभर आधी.